भिंतीपासून भिंतीपर्यंत

माझी डावी किडनी त्या खोलीत राहत होती, म्हणून त्या खोलीत नाक खुपसायचा मला हक्क आहे असं मी समजत होते. छोटीच्या सासूबाई तसं समजत नव्हत्या.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, माझी जुळली, मी दिली. यात फार काही थोर नाही. पण किडनी देणाऱ्या बाईला लोक लगेच देवी करून टाकतात. देवीचं एक बरं असतं, तिला चौथऱ्यावर बसवलं की ती बोलत नाही. मला ते जमणारं नव्हतं. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो आणि शिकणारा भिंतीवर जायला लागला की त्याच्या भावनांचा विचार न करता तो मी दाबते.

छोटीचा नवरा कार्पेट बसवतो. हॉटेलं, ऑफिसं, सिनेमाची थिएटरं. सगळे त्याला फिटर म्हणतात, त्याची आईसुद्धा चिडली की फिटरच म्हणते. माझ्याहून लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाईटच आहे.

ऑपरेशन होऊन छोटी घरी आली त्या दिवशी तिच्या खोलीत निळसर राखाडी कार्पेट पसरलेलं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, इतकं जाड की पाय घोट्यापर्यंत रुतावेत. ती हॉस्पिटलात होती तेव्हा फिटरने कामावरून येऊन ते बसवलं होतं. फरशी थंड लागू नये. अशक्तपणात पडली तर डोकं आपटू नये. छोटी दारातच रडायला लागली. सासूबाई रडल्या. फिटर पँट वर करून आपले सोललेले गुडघे दाखवत होता. कार्पेट ताणायचं अवजार गुडघ्याने ढकलावं लागतं, त्यात गुडघे सोलतात. मीही म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं होतं.

दुसऱ्याची किडनी अंगात टिकवायची तर अंगाची रग मोडावी लागते. त्यासाठी गोळ्या असतात. त्या घेतल्या की शरीर परक्या किडनीवर धावून जात नाही. पण मग ते कशावरच धावून जात नाही. घराला पहारेकरी आहे, पण त्याला झोपेचं औषध दिलेलं आहे. म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी बजावलं होतं, धूळ नको, ओल नको, कुंड्या नकोत, जुनीपुराणी चिंधी घरात नको. सासूबाईंनी कुंड्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. पडदे बदलले. फिटरने खिडकीच्या फटी बुजवल्या. एवढी स्वच्छ खोली मी जन्मात पाहिली नव्हती.

आणि त्या खोलीत छोटी खोकायला लागली.

आधी कोरडा, उगाचच खोकला. मग ताप. ती खोकली की सासूबाई व्हॅक्यूम क्लीनर काढायच्या. घर्रर्र करत कार्पेटभर फिरवायच्या, पलंगाखाली, कपाटामागे, कोपऱ्याकोपऱ्यात. छोटी पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि तोंडाशी ओढणी धरायची. मशीन बंद झालं की खोकला वाढायचा. खोकला वाढला की सासूबाई परत मशीन काढायच्या.

"मावशी, जरा थांबा ना," मी एकदा म्हणाले. "मशीनने धूळ उडत असेल."

"नव्या कार्पेटला कसली गं धूळ?" त्या म्हणाल्या. "तू गाड्या शिकव. घर मला शिकवू नकोस."

छोटी हसली आणि हसता हसता इतकी खोकली की रुमालावर रक्ताचा ठिपका आला.

त्यानंतर पुन्हा हॉस्पिटल. सीटी स्कॅन. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिघांना, फिटरला, सासूबाईंना आणि मला, त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर छोटीचं फुप्फुस होतं. उजव्या बाजूला एक गोळा, त्याच्याभोवती धुकट कडं.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "हवेतून जाते. धुळीत तिचे बीजकण असतात. ते तुम्ही घेताय, मी घेतेय, आपल्याला काही होत नाही. हिच्या फुप्फुसात मात्र ती रुजली."

रुजली. मला तो शब्द चावला. जणू कोणी पेरलं होतं.

"घरात ओल आहे कुठे?"

"नाही," फिटर म्हणाला.

"कार्पेट?"

"आहे, पण कोरं करकरीत. गुंडाळीचं प्लॅस्टिक मी स्वतःच्या हाताने कापलंय, मॅडम. माझा धंदाच आहे तो."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या गोळ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "औषध आहे, पण कडक आहे. ते किडनीच्या गोळ्यांचा मेळ बिघडवतं. बुरशी मारताना किडनी जपायची, किडनी जपताना बुरशी मोकाट सोडायची नाही, अशी आमची कसरत चाललीय. एकदा आम्ही तिला यातून काढू कदाचित. पण ती परत तशाच हवेत गेली तर दुसऱ्यांदा माझ्या हातात काही राहणार नाही. कुठून आलं ते शोधा."

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हॉस्पिटलातच लागलं असणार. घरावर ढकलतात मेले."

फिटर औषधांच्या चिठ्ठीची घडी करत होता. त्याचा चेहरा स्वच्छ होता. लपवणाऱ्या माणसाचा चेहरा मी रोज बघते, सिग्नल तोडून आरशात बघणारा. हा तसा नव्हता. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि शोधत बसले भलतीकडेच. एसी उघडून घेतला. उशा फेकल्या. माळा रिकामा केला. काही सापडलं नाही.

औषध लागू पडलं. ताप उतरला, गोळा आकसला, किडनीही तग धरून राहिली. छोटीला घरी सोडायचं ठरलं तेव्हा मी तिच्या वॉर्डात गेले.

"तू माझ्याकडे ये," मी म्हणाले. "काही महिने. माझ्याकडे साधी फरशी आहे, पुसली की झालं."

"तुझ्याकडे? सकाळी उठल्याबरोबर क्लच दाब म्हणशील मला."

"छोटे, मी चेष्टा करत नाहीये."

"मला माहितीये." तिच्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून काळ्यानिळ्या झाल्या होत्या. "ताई, त्याने गुडघे सोलून घेतलेत माझ्यासाठी. मी घरी गेले नाही तर त्याला काय वाटेल? त्याच्याच घरात मला मारायला टपलंय काहीतरी, असं सांगू त्याला?"

"सांग."

"तू सांगू शकतेस. तुला कोणाबरोबर राहायचं नाहीये."

हे तिने मारायला म्हणून मारलं नव्हतं, पण लागलं. मी उठले.

सोडायच्या दिवशी छोटी संध्याकाळी येणार होती. सासूबाई तिला आणायला हॉस्पिटलात गेल्या. फिटर घरी खोली लावत होता. मी दुपारीच क्लास आटपून तिथे गेले. आमचं काही ठरलेलं नव्हतं. मला घरात बसवत नव्हतं एवढंच.

फिटरने दार उघडलं. "ये ताई. चहा टाकू?"

"नको." मी सरळ छोटीच्या खोलीकडे गेले आणि उंबऱ्यावर ठेचकाळले. पडता पडता दार धरलं.

छोटीही इथेच ठेचकाळायची. आम्हाला वाटायचं अशक्तपणा. मी अशक्त नव्हते. मी खाली वाकून बघितलं. बाहेरची फरशी आणि खोलीतलं कार्पेट यांच्यात चांगली पायरी होती. एवढं जाड कार्पेट नसतं. आणि दाराची खालची कड रंधा मारून कापलेली होती. रंग गेलेला, कच्चं लाकूड उघडं.

"हे दार तू कापलंस?"

"घासत होतं ना. कार्पेट घातलं की दार थोडं कापावंच लागतं."

"हे थोडं आहे? ह्याच्याखालून मांजर जाईल."

तो पलंगावरची चादर नीट करत होता. त्याने मागे न वळता सांगितलं, "खाली अस्तर आहे."

"कसलं अस्तर?"

"कार्पेटखाली मऊ काहीतरी लागतंच, ताई. नाहीतर पायाला फरशी लागते."

"मी विचारतेय कसलं."

आता तो वळला. अजूनही त्याचा चेहरा स्वच्छच होता. हेच भयंकर होतं. "जुनं कार्पेट," तो म्हणाला. "आधी ह्या खोलीत झिजलेलं होतं ना, ते. काढलं नाही, तसंच ठेवलं. त्याच्यासारखं अस्तर विकत मिळत नाही. सगळे फिटर तसंच करतात, थिएटरात तर तीन तीन थर निघतात एकाखाली एक. नवं घातलं की खालचं संपलं. ते कोणी कार्पेट म्हणून धरत नाही."

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा—"

"त्यांनी कार्पेट विचारलं. मी कार्पेटचं सांगितलं."

"ते भिजलं होतं कधी?"

तो परत चादरीकडे वळला.

"अरे, मी तुला विचारतेय. भिजलं होतं?"

"छोटीचं ऑपरेशन होतं त्या दिवशी वॉशिंग मशीनचा पाइप सुटला," तो म्हणाला. "बाथरूमची भिंत ह्याच बाजूला. आम्ही सगळे हॉस्पिटलात. घरी आलो तर खोलीत पाणी. पण मी कामावरच्या पाणी ओढायच्या मशीनने सगळं ओढून घेतलं, ताई. पंखे लावले. वरून हात फिरवून बघितला, एकदम कोरडं. कोरडं झाल्याशिवाय मी नवं घालीन का? माझं काम आहे हे!"

"वरून."

"काय?"

"वरून कोरडं. खालून बघितलंस?"

त्याची नजर खाली कार्पेटवर गेली.

"उचल," मी म्हणाले.

"ताई, चिकटवलंय ते. एकदा उचललं की वाया गेलं."

"उचल."

"तिला संध्याकाळी कुठे झोपवू मग? ती दमून येणार. खोली उसवलेली बघून तिला काय वाटेल?" त्याचा आवाज चढला. "किडनी दिलीस, उपकार झाले, जन्मभर पाय धुऊन पिईन. पण म्हणून माझं घर तुझं झालं का? आई म्हणते ते खरंय. तुला सगळ्यांचं स्टिअरिंग हातात पाहिजे असतं."

"बरोबर आहे तिचं. पाहिजे असतं. आता कपाटामागचा कोपरा उचल, नाहीतर मी स्वयंपाकघरातली सुरी आणते."

मी खरंच आणली असती हे त्याला माहीत होतं. त्याने अवजारांच्या पेटीतून वाकडं पातं काढलं. कपाट आम्ही दोघांनी सरकवलं. हे काम त्याने हजारदा केलेलं, हात आपोआप चालत होते. त्याने भिंतीच्या कडेने पातं फिरवलं, बोटं घातली आणि निळसर राखाडी कोपरा वर ओढला.

आधी वास आला. बंद डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्याचा. मग दिसलं. खालचं जुनं तपकिरी कार्पेट तपकिरी राहिलेलंच नव्हतं. त्याच्यावर हिरवट काळे चट्टे पसरले होते, एकातून एक उगवलेले, काठांना पांढरी लव. आणि चट्ट्यांच्या मधल्या सुकलेल्या जागी नुसती पूड. बारीक, पिठासारखी. कोपरा वर आला तशी ती उठली आणि खिडकीतून आलेल्या उन्हात तरंगायला लागली. खाली बसेना.

त्याने नव्या कार्पेटची पाठ उलटून बघितली. चांगलं कार्पेट विणलेल्या पाठीचं असतं, ते श्वास घेतं, असं तो आम्हाला कौतुकाने सांगत असे. त्या विणीच्या भोकाभोकात ती हिरवट पूड बसली होती. वर पाऊल पडलं की भाता दाबल्यासारखं होत असणार. आणि रोज वरून मशीन ओढत होतं.

फिटर गुडघ्यांवर बसला होता. त्याने हात बघितले. बोटं हिरवी काळी झाली होती. "ताई," तो म्हणाला, "मी हे..."

तेवढ्यात बेल वाजली.

आम्ही दोघंही दचकलो. संध्याकाळ व्हायला वेळ होता. बेल परत वाजली आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अरे फिटर, उघड! हॉस्पिटलवाल्यांनी पलंग लवकर रिकामा करून घेतला रे. पोरगी जिना चढून दमलीय!"

तो उठून धावला. हातातलं पातं पडलं, नव्या कार्पेटचा कोपरा धप्पकन खाली आला आणि खोलीतून धुरळ्याचा एक लोट बाहेरच्या खोलीत घुसला. मी त्याच्यामागे धावले. दाराशी त्याला गाठलं आणि शर्टाची कॉलर धरून मागे ओढलं.

"सोड ताई, ती बाहेर उभी आहे!"

"तुझ्या अंगावर बघ! माझ्या केसांत बघ! सगळ्या घरात झालंय ते."

बाहेर किल्लीचा आवाज झाला. सासूबाईंकडे त्यांची किल्ली होती. कुलूप फिरलं. मी आतली कडी सरकवली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. दार एकदा धडकलं, दुसऱ्यांदा धडकलं.

"आतून कडी कोणी लावली? कोण आहे आत?"

"मी आहे, मावशी. आत यायचं नाही."

"तू!" त्यांनी दारावर थाप मारली. "अगं बाई गं, माझ्याच घराच्या दारात मला अडवतेस? लाज आहे का? पोरीचे पाय लटपटतायत इथे!"

"तिला पायरीवर बसवा. जिन्यातल्या खिडकीजवळ. मास्क काढू देऊ नका."

"ताई," छोटीचा आवाज आला. मास्कमधून, अगदी बारीक. "ताई, पुरे आता. दार उघड. मला आडवं व्हायचंय."

मी काय सांगणार होते? मी एसी उघडला, उशा फेकल्या, माळा उपसला, आता कार्पेट उपटलं. ताईचं डोकं फिरलंय, असंच तिला वाटणार होतं. तिने दार उघड म्हणून हट्ट धरला असता, सासूबाईंनी शेजारपाजार गोळा केला असता आणि कोणीतरी दार उघडलंच असतं. माझं ती ऐकणार नव्हती. ती ज्याचं ऐकणार होती तो माझ्यासमोर हिरवे हात हवेत धरून उभा होता.

"सांग तिला," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. नाही.

"ताई?" बाहेरून परत. आणि मग खोकला. एक, मग लगोलग दुसरा.

त्या खोकल्याने त्याचा चेहरा बदलला. इतके दिवस तो खोकला आपल्या घराच्या बाहेरून कुठून तरी येतोय असं तो ऐकत असे. आता त्याने तो ऐकला. दाराच्या लाकडाला कपाळ टेकलं.

"अगं, आत येऊ नकोस," तो म्हणाला.

कपाळ न उचलता तो बोलत राहिला.

"कार्पेटखाली जुनं कार्पेट आहे. मी ठेवलं होतं. पाणी भरलं तेव्हा भिजलेलं. मी वरून बघितलं आणि त्याच्यावर नवं घातलं. ते खाली कुजलंय. तुझ्या छातीत जे आहे ना, ते इथलं आहे. मी घातलंय ते."

"ताईने सांगायला लावलं तुला?"

"नाही गं. मी बघितलं. माझ्या हाताला लागलंय."

बाहेर ती धप्पकन पायरीवर बसल्याचा आवाज आला. मला वाटलं ती पडली की काय. माझा हात कडीवर गेला होता, मी तो ओढून घेतला.

मग छोटी म्हणाली, "हात धू. डोळ्यांना लावू नकोस."

फिटर दाराशी तसाच खाली बसला आणि मोठमोठ्याने रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. नंतर कधीतरी येईल. त्या वेळी मला फक्त राग येत होता, त्याचा, माझा, आणि ज्या प्रेमाला खाली काय आहे ते उचलून बघावंसं वाटत नाही त्या सगळ्या प्रेमाचा.

"मी रोज मशीन फिरवलं त्याच्यावरून," बाहेर सासूबाई म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही. "दिवसातून दोनदा."

"मावशी, ऐका." मी पर्समधून माझ्या घराची किल्ली काढली. त्यांच्याकडे देण्याआधी ती बेसिनवर साबणाने धुतली, पुसली नाही, तशीच ओली दाराखालच्या फटीतून पलीकडे सरकवली. "तिला माझ्याकडे न्या. टॅक्सी करा, खिडक्या बंद ठेवा. चादरी कपाटात धुतलेल्या आहेत. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगा, कुठून आलं ते सापडलं. ती आत्ता खोकली तेही सांगा."

"तू येतेस ना?"

"मला येता येणार नाही. माझ्या अंगावर आहे ते."

पलीकडे किल्ली उचलल्याचा आवाज झाला. "मला तुझं घर माहीत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी आल्याच नव्हत्या.

"छोटीला माहितीये."

त्यांनी तिला उठवलं असावं. कापडाचा आवाज, कठड्याला धरल्याचा आवाज, "सावकाश, माझ्या खांद्यावर भार टाक," असं सासूबाईंचं पुटपुटणं. मग पावलं. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. मधल्या वळणावर छोटी खोकली. ह्या वेळी थांबेचना.

फिटर झटक्यात उभा राहिला. त्याचा हात कडीपर्यंत गेला. मी दारापासून बाजूला झाले होते, मी त्याला अडवलं नाही. त्याने कडी धरली, आपल्या बोटांकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

खाली टॅक्सीचं दार लागेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.